अंदाजपत्रकातील त्या एका ओळीविषयी

वाचकाचे पत्र

स.न.वि.वि.

माझी मुलगी १४ वर्षांची असून नववीत शिकते. तिच्या पाठीच्या कण्याला बाक आहे. डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. दीड वर्ष पट्टा वापरूनही बाक वाढतच गेला आणि आता तो ५८ अंशांवर पोहोचल्यामुळे पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. रुग्णालयाने दिलेल्या अंदाजपत्रकात स्क्रू आणि सळ्यांच्या खर्चाखाली 'आयओएनएम : ४०,००० रुपये' अशी एक वेगळी ओळ आहे. विचारल्यावर 'ऑपरेशन चालू असताना नसांवर लक्ष ठेवण्याचे मशीन' एवढेच उत्तर मिळाले. विम्याच्या टीपीएने, म्हणजे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेने, फोनवर सांगितले की हा खर्च मिळणार नाही. माझ्या भावाच्या मित्राची अशीच शस्त्रक्रिया वीस वर्षांपूर्वी अशा मशीनशिवाय झाली होती आणि तो आज ठणठणीत आहे, म्हणून घरात सगळे म्हणतात की ही ओळ काढायला सांगावी. शिवाय माझ्या नणंदेने एक व्हिडिओ दाखवला, त्यात कवटी उघडलेला रुग्ण जागेपणी गिटार वाजवत होता. आमच्या मुलीलाही असे मध्येच उठवतील का? या मशीनमध्ये डोक्यातून करंट देतात असेही ऐकले. मुलीला दोन वर्षांची असताना तापात एकदा फिट आली होती, हे सांगणे गरजेचे आहे का? तिच्या दातांना सध्या तारा लावलेल्या आहेत. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

एक आई, सांगली जिल्हा

(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात : 'मला मध्येच जाग आली तर दुखेल का?')

उत्तर

ताई,

ती ओळ काढायला सांगू नका. घरच्यांची बैठक आजच बसणार असेल, तर एवढे उत्तर पुरेसे आहे. पण आपण सविस्तर मागितले आहे, आणि खर्च आपण करणार असल्याने तो नेमका कशाचा आहे हे समजून घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. 'नसांवर लक्ष ठेवण्याचे मशीन' या उत्तराने कोणाचेच समाधान होऊ नये. आयओएनएम म्हणजे 'इंट्राऑपरेटिव्ह न्यूरोमॉनिटरिंग', शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जू आणि नसांवर ठेवलेली देखरेख. आधी एक गोष्ट सांगून ठेवते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांत रुग्णाच्या उशाशी बसून माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे या विषयात मी अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

शस्त्रक्रियेत मुलीला पालथे झोपवून पाठीच्या मध्यरेषेवर छेद घेतात, मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात आणि त्या स्क्रूंना सळ्या जोडून वाकलेला कणा हळूहळू शक्य तितका सरळ करतात. या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. त्याची जाडी जेमतेम करंगळीएवढी असते आणि मेंदूकडून पायांकडे जाणारी प्रत्येक आज्ञा व पायांकडून मेंदूकडे येणारी प्रत्येक जाणीव त्यातूनच ये-जा करते. अनेक वर्षे वाकलेल्या स्थितीत वाढलेला हा मज्जारज्जू कणा सरळ होताना ताणला जाऊ शकतो. एखादा स्क्रू आतल्या बाजूला सरकला तर त्यावर दाब येऊ शकतो, किंवा रक्तदाब उतरलेला असताना त्याचा रक्तपुरवठा अपुरा पडू शकतो. आपल्या मुलीसारख्या, म्हणजे अन्य कोणताही आजार नसलेल्या किशोरवयीन मुलांत मज्जारज्जूला इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे, हे मी आवर्जून सांगते, कारण आपल्याला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या एका घरात ती इजा होते, त्या घराला टक्केवारीचा काय उपयोग?

अडचण अशी की इजा होत असताना ती कोणालाच दिसत नाही. भूल दिलेल्या रुग्णाभोवती पडदे पुष्कळ असतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड हे सर्व त्यांवर क्षणाक्षणाला उमटत असते. मात्र पायांचे काय चालले आहे, हे त्यांपैकी एकही पडदा सांगत नाही. हृदय उत्तम चालले असताना आणि ऑक्सिजन शंभर टक्के असतानाही पाय कायमचे जाऊ शकतात, आणि पूर्वी ते मूल शुद्धीवर आल्यावरच कळत असे.

यावर पहिला व्यवहार्य तोडगा निघाला तो फ्रान्समध्ये. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांच्या सळ्यांमुळे कणा सरळ करणे १९६०च्या दशकात शक्य झाले होते, आणि त्यासोबत मज्जारज्जूच्या इजेची भीतीही आली होती. १९७३ मध्ये ल्यों येथील पिएर स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. कणा सरळ करून झाला की भूल हलकी करायची, रुग्णाला आधी हाताची मूठ आवळायला सांगायचे आणि मग पायाची बोटे हलवायला सांगायचे. मूठ आवळली पण पाय हलला नाही, तर सळी तत्काळ सैल करायची. ही 'वेक-अप टेस्ट' साधी, बिनखर्चाची आणि विश्वासार्ह होती. तिचा दोष एवढाच की ती शस्त्रक्रियेतील एखाद्याच क्षणाचे उत्तर देते, त्याआधीचे किंवा नंतरचे नाही. आपल्या भावाच्या मित्राची शस्त्रक्रिया बहुधा याच चाचणीच्या भरवशावर झाली असावी, आणि ती सुखरूप पार पडली याचा आनंदच आहे. पण हेल्मेटशिवाय वीस वर्षे गाडी चालवून सुखरूप राहिलेला माणूस हेल्मेटविरुद्धचा पुरावा होत नाही.

आज जे केले जाते ते म्हणजे हीच विचारपूस मुलीला न उठवता, शस्त्रक्रियेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा करणे. ती दोन दिशांनी होते. पहिली दिशा खालून वर जाणारी आहे. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेला सेकंदाला काही वेळा विजेचा सौम्य ठोका दिला जातो. तो संदेश नसेतून मज्जारज्जूत, त्याच्या मागल्या भागातून वर आणि शेवटी मेंदूत पोहोचतो. डोक्याच्या त्वचेत बसवलेल्या बारीक सुयांवर साधारण ३७ मिलिसेकंदांनी, उंचीप्रमाणे थोड्या कमीजास्त वेळाने, एक चिमुकली लहर उमटते. ही लहर एक-दोन मायक्रोव्होल्टची, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही लहान असते. जत्रेच्या गर्दीत एकाच माणसाची हाक ओळखायची झाली तर ती ठरलेल्या क्षणी शेकडो वेळा ऐकावी लागेल, तसे यंत्र शेकडो ठोक्यांची सरासरी काढते आणि मग गोंगाट विरून लहर वर येते. त्यामुळे या पद्धतीचे उत्तर थोडे उशिरा मिळते, आणि सर्जनने कॉटरी, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठीचे विजेचे उपकरण, चालू केले की पडद्यावर काही काळ नुसता कचरा दिसतो.

दुसरी दिशा वरून खाली येणारी आहे, आणि आपण ऐकलेला 'डोक्यातला करंट' तो हाच. डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या त्वचेत स्क्रूसारख्या वळणाच्या छोट्या सुया बसवून त्यांतून काहीशे व्होल्टचे पाच ते सात अतिसूक्ष्म स्पंद दिले जातात. ते सर्व मिळून डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळात संपतात. मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग त्याने जागा होतो, आज्ञा मज्जारज्जूतून खाली उतरते आणि मांडी, नडगी व तळपायाच्या स्नायूंत टोचलेल्या सुयांवर तिचा प्रतिसाद उमटतो. लंडनच्या मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये कवटी न उघडता, त्वचेवरूनच मेंदूला असे चेतवता येते हे दाखवले. परंतु एकच स्पंद दिला तर भुलेखाली तो दबून जात असे. एका स्पंदाऐवजी स्पंदांची लहानशी माळ दिली तर भुलेतही प्रतिसाद मिळतो हे १९९३च्या सुमारास कळले आणि तेव्हापासून ही पद्धत रोजच्या वापरात येऊ लागली.

दोन्ही दिशा का लागतात, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. जाणिवांचा मार्ग मज्जारज्जूच्या मागल्या भागातून जातो, तर हालचालीचे मार्ग त्याच्या बाजूच्या आणि पुढच्या भागातून उतरतात. पुढच्या दोन-तृतीयांश भागाला रक्त पुरवणारी रोहिणीही वेगळी आहे. त्यामुळे खालून वर जाणारी लहर अगदी ठाकठीक असूनही हालचाल गेलेली असणे शक्य असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात स्कोलिओसिसच्या ५१,२६३ शस्त्रक्रियांची माहिती होती. खालून वर जाणाऱ्या लहरींची देखरेख करणाऱ्या अनुभवी पथकांकडे मज्जासंस्थेच्या इजा कमी अनुभवी पथकांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी आढळल्या, पण लहर स्थिर असूनही इजा झाल्याची उदाहरणे ०.०६३ टक्के होती. हे सर्वेक्षण होते, रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून केलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे त्यावरून छातीठोक विधान करणे योग्य नाही. तसा प्रयोग पुढेही होण्याची शक्यता नाही, कारण अर्ध्या मुलांना जाणूनबुजून देखरेखीविना ठेवायला कोण तयार होईल? मला त्या सर्वेक्षणातील 'अनुभवी' हा शब्द आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे मी पुन्हा येणारच आहे.

थिएटरमध्ये हे प्रत्यक्षात कसे घडते ते सांगते. मुलीला भूल दिल्यानंतर दोन-अडीच डझन सुया हात, पाय आणि डोक्याच्या त्वचेत बसवून चिकटपट्ट्यांनी पक्क्या केल्या जातात. त्या एकदाच वापरायच्या असतात, आणि आपल्या ४०,००० रुपयांतला एक भाग त्यांचा असतो. पालथे झोपवल्यावर, छेद घेण्यापूर्वी, पहिल्या लहरी नोंदवतात. त्या झाल्या 'बेसलाइन', पुढची सगळी तुलना त्यांच्याशी. लहरीची उंची निम्म्यावर आली किंवा ती पोहोचायला १० टक्क्यांहून अधिक उशीर झाला, की धोक्याची सूचना द्यायची, असा सर्वसाधारण संकेत आहे. वरून खाली येणाऱ्या लहरीसाठी हे निकष पथकागणिक थोडे वेगळे असतात. दर काही मिनिटांनी तंत्रज्ञ म्हणते, 'सर, मोटर घेऊ का?' मोटर म्हणजे वरून खाली येणारी, हालचालीची लहर. सर्जन हात वर उचलतात, 'घ्या' म्हणतात, मुलीचे शरीर किंचित दचकते आणि पुन्हा काम सुरू होते. मोठ्या शस्त्रक्रियेत हा संवाद शंभर वेळाही होतो.

या सगळ्यात भूलतज्ज्ञाचे काम बदलते, हे घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. नेहमीच्या भुलेचे वायू या लहरी दाबून टाकतात, म्हणून भूल मुख्यतः शिरेतून, प्रोपोफॉल आणि फेंटानिलसारख्या औषधांच्या संथ धारेने दिली जाते. स्नायू सैल करणारे औषध श्वासनलिकेत नळी घालण्यापुरतेच देतात आणि त्याचा असर उतरू देतात, कारण स्नायूच सैल असतील तर उत्तर कोण देणार? मशीन उत्तम आणले पण भूल नेहमीचीच दिली, तर पडद्यावर सरळ रेषा दिसतात आणि पैसे वाया जातात.

आता दोन प्रसंग सांगते. एका मुलीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही पायांच्या लहरी छान चालल्या असताना फक्त डाव्या हाताची लहर खाली येऊ लागली. शस्त्रक्रिया पाठीच्या मधल्या भागावर चालली होती, हाताचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मी निर्जंतुक चादरीखालून हात घालून चाचपले, तेव्हा तिचे कोपर फळीच्या कडेवर दाबले गेलेले होते. जेलची उशी सारून हात थोडा खाली घेतला, आणि दहा-बारा मिनिटांत लहर पूर्ववत झाली. ते लक्षात आले नसते तर पाठ सरळ झाली असती आणि मुलगी बधिर करंगळी घेऊन शुद्धीवर आली असती.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. सळी फिरवून कणा सरळ केल्यावर तंत्रज्ञ म्हणाली, 'सर, दोन्ही पायांची मोटर गेली.' कोणीतरी गाणी बंद केली. सर्जनने हात थांबवले आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ फळ्यावर लिहिली गेली. तंत्रज्ञ सुया आणि वायरी तपासू लागली, कारण अनेकदा दोष तिथेच असतो. मी रक्तदाब वाढवला. अशा वेळी सरासरी दाब ८५च्या वर नेतात, जेणेकरून ताणलेल्या मज्जारज्जूला रक्त पोहोचावे. हिमोग्लोबिन आणि शरीराचे तापमान पाहिले, भुलेची मात्रा वाढलेली नाही ना याची खात्री केली. तोवर सर्जनने सळी सैल केली. उजव्या पायाची लहर साधारण वीस मिनिटांनी आली, डाव्याची त्यानंतर. त्या दिवशी सर्जनने मूळ बेतापेक्षा कमी सुधारणेवर समाधान मानले. त्या मुलीच्या एक्स-रेमध्ये आजही थोडा बाक दिसतो, आणि ती स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेली.

म्हणूनच मी म्हणते की मशीन काहीच वाचवत नाही. ते फक्त ओरडते. त्या ओरडण्याचा अर्थ लावणारी व्यक्ती, ऐकून हात थांबवणारा सर्जन आणि त्याच मिनिटाला रक्तदाब वर नेणारा भूलतज्ज्ञ, हे तिघे एकमेकांशी बोलतात तेव्हाच त्या ४०,००० रुपयांचे चीज होते. अनेक रुग्णालयांत हे यंत्र आणि तंत्रज्ञ बाहेरच्या संस्थेकडून त्या दिवसापुरते मागवले जातात, आणि खर्चाची वेगळी ओळ त्यामुळेच दिसते. त्यात गैर काही नाही. मात्र आपण सर्जनना भेटाल तेव्हा रकमेविषयी कमी आणि माणसांविषयी अधिक विचारा. देखरेख करणारी व्यक्ती कोण, तिने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि ती पूर्ण वेळ यंत्रापाशी बसून राहणार आहे का? लहरी दोन्ही दिशांच्या घेणार की फक्त एका? भूलतज्ज्ञांना याची पूर्वकल्पना आहे का? आणि सिग्नल पडले तर आपले पथक काय काय, कोणत्या क्रमाने करते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जे सर्जन न अडखळता, पायऱ्या सांगत देतात, त्यांच्या थिएटरात ती यादी बहुधा भिंतीवर लावलेली असते. 'तशी वेळ येत नाही हो' असे उत्तर मिळाले, तर मी दुसरे मत घेईन.

या देखरेखीच्या मर्यादाही आहेत. खोटे इशारे येतात आणि त्यामुळे शस्त्रक्रिया लांबते. स्क्रूजवळच्या एखाद्याच नसेची इजा मुख्य लहरींतून निसटू शकते, म्हणून काही सर्जन स्क्रूलाच सौम्य करंट देऊन तो हाडात नीट बसला आहे का हे पडताळतात. पाठ शिवून सुया काढल्या की देखरेख संपते, परंतु मज्जारज्जूवरचा धोका त्या क्षणी संपत नाही, कारण क्वचित काही तासांनीही पायांची ताकद कमी होऊ शकते. अतिदक्षता विभागातील परिचारिका रात्रभर तासातासाला मुलीला उठवून 'बोटे हलव बाळा' म्हणेल, तेव्हा 'तिला झोपू द्या ना' असे म्हणू नका. आणि सगळे नीट करूनही इजा होणारच नाही, अशी हमी कोणी देत असेल तर त्या हमीवर विश्वास ठेवू नका.

फिटबद्दल आपण विचारलेत, ते फार बरे केले. भूलपूर्व तपासणीत हे अवश्य सांगा. लहानपणी तापात एकदा आलेली फिट ही सहसा अडचण ठरत नाही. चालू असलेला अपस्माराचा आजार, डोक्यात किंवा कानात बसवलेले विद्युत उपकरण, पेसमेकर, कवटीची पूर्वीची शस्त्रक्रिया अशा गोष्टी असतील तर डॉक्टर फायदा-तोटा तोलून ठरवतात. दातांच्या तारांचे महत्त्व त्याहून अधिक प्रत्यक्ष आहे. डोक्यावरचे स्पंद देताना जबड्याचे स्नायूही आवळले जातात आणि जीभ किंवा ओठ दाताखाली सापडू शकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजच्या मऊ गुंडाळ्या ठेवतात. तारांचे एखादे टोक निघालेले असेल तर ते आधीच दंतवैद्यांकडून नीट करून घ्या.

व्हिडिओविषयी थोडक्यात सांगते. तो खोटा नाही. मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत बोलण्याचा किंवा हाताच्या सूक्ष्म हालचालींचा भाग वाचवायचा असतो, तेव्हा रुग्णाला मुद्दाम जागे ठेवून बोलायला किंवा वाद्य वाजवायला लावतात. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना जाणवत नाहीत आणि त्वचा व कवटीभोवतीचा भाग बधिर केलेला असतो, म्हणून ते शक्य होते. आपल्या मुलीच्या पाठीच्या शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध नाही.

आता विमा. टीपीएचे फोनवरचे उत्तर म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील वगळण्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत पॉलिसीतून वगळू नयेत अशा बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी होती, आणि 'आयओएनएम' हे नाव त्या यादीत स्वच्छ लिहिलेले होते. कंपनी या खर्चावर कमाल मर्यादा मात्र घालू शकते. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी पॉलिसीत अशा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे. आपल्या पॉलिसीच्या कागदांत 'आधुनिक उपचारपद्धती' हे कलम शोधा, सर्जनकडून ही देखरेख का आवश्यक आहे याचे दोन ओळींचे पत्र घ्या आणि ते कॅशलेसच्या पूर्वमंजुरीच्या अर्जासोबतच जोडा. नकार आलाच तर तो लेखी आणि कलमाच्या उल्लेखासह मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लिहा. तिथे महिनाभरात समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार करता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. शस्त्रक्रिया ठरलेल्या तारखेची आहे, तातडीची नाही, त्यामुळे या कागदांसाठी आपल्याकडे वेळ आहे.

घरी करण्याच्या तयारीत एकच गोष्ट विसरू नका. आदल्या दिवशी मुलीला न्हाऊ घाला, पण केसांना तेल लावू नका. तेलकट त्वचेवर चिकटपट्ट्या टिकत नाहीत आणि ऐन वेळी सुया निसटतात. केस कापावे लागत नाहीत. दोन सैल वेण्या खाली, मानेच्या बाजूला घाला, म्हणजे माथा मोकळा राहील. नखांचे पॉलिश काढून टाका. शुद्धीवर आल्यावर तिच्या नडगीवर, तळपायावर आणि मनगटाजवळ सुयांचे लाल ठिपके किंवा एखादा निळा डाग दिसेल. तो काही दिवसांत जातो.

आणि तळाच्या त्या ओळीचे उत्तर तुला, बाळ. तुला मध्येच उठवण्याची वेळ बहुतेक येणारच नाही, कारण तुझे पाय आपली खबर त्या सुयांमधून स्वतःच देत राहतील. पण अगदी क्वचित, यंत्राच्या उत्तराने डॉक्टरांची खात्री पटली नाही, तर ते तुझी झोप थोडा वेळ हलकी करतील. तेव्हा वेदनेचे औषध चालूच असते. कोणीतरी तुझ्या कानाशी तुझे नाव घेऊन म्हणेल, 'मूठ आवळ, आता पायाची बोटे हलव.' तू ती हलवशील आणि पुन्हा गाढ झोपशील. ज्या मुलांना आम्ही असे उठवले, त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच आठवत नव्हते. एका मुलाला आठवत होते ते एवढेच, की कोणीतरी त्याला शाळेसाठी उठवत होते. तुला आधी आवाज ओळखीचा व्हावा असे वाटत असेल, तर आदल्या संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर भेटायला येतील तेव्हा त्यांनाच सांग, 'उद्याचे वाक्य आज म्हणून दाखवा.' आणि ते म्हणतील तेव्हा डोळे मिटून बोटे हलवून बघ.